जुन्या ट्रॅव्हलरला कुठला गिअरबॉक्स बसेल? पुठ्ठा, खडू आणि जुनी क्लच प्लेट घेऊन निघा

सर, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. थोडक्यात तो असा: २००७ ची टेम्पो ट्रॅव्हलर. तीन वर्षांपूर्वी तुम्ही दोघांनी तिच्या सीटा काढून आत पलंग, ओटा, कपाटं आणि खाली पाण्याची टाकी बसवून घेतली. दिवाळीच्या सुट्टीत परभणीहून कोकणात गेलात, आणि परतताना घाटात तिसरा गिअर आपोआप न्यूट्रलला यायला लागला. आता घरघरही सुरू झालीय. गावातला मिस्त्री म्हणतो, "गिअरबॉक्स गेला, ट्रॅक्सचा टाकून देतो, एकच असतो." (ट्रॅक्स म्हणजे त्याच कंपनीची जीपसारखी गाडी.) आणि कुणा विक्रेत्यानं चांदीच्या रंगानं रंगवलेल्या एका गिअरबॉक्सचा फोटो पाठवून खाली लिहिलंय, "सर्व मॉडेलला बसतो." तुम्हाला विचारायचंय की यातलं खरं काय, आणि तुमच्या गाडीला नेमका कुठला गिअरबॉक्स बसेल.

मी लातूरला गॅरेज चालवतो, २७ वर्षं झाली. लग्नसराईत वऱ्हाडाच्या, एरवी तुळजापूर-पंढरपूर करणाऱ्या ट्रॅव्हलर हेच आमचं मुख्य गिऱ्हाईक. अलीकडे तुमच्यासारख्या घर केलेल्या चारपाच गाड्याही हाताखालून गेल्या. त्या अनुभवावरून सांगतो: "कुठला बसेल" हा प्रश्न तिसऱ्या नंबरचा आहे. पहिला, गिअरबॉक्स खरंच गेलाय का? दुसरा, गेला असेल तर तोच उघडून नीट होतो का? हे दोन सोडून माणूस थेट बाजारात गेला की फसतो. आणि आमच्या धंद्यात "गिअरबॉक्स गेला" म्हणणं सोपं असतं. उतरवून दुसरा चढवायला दोन दिवस लागतात, उघडून दुरुस्त करायला डोकं लागतं.

आधी तपासणी. यातलं बरंचसं तुम्ही स्वतः करू शकता, हात काळे न करता.

गाडी उभी, इंजिन चालू, न्यूट्रल. क्लच पूर्ण सोडलेला असताना घरघर येते आणि पेडल दाबलं की बंद होते? तर दोष गिअरबॉक्सच्या पुढच्या भागात आहे, टॉप शाफ्टच्या (इंजिनाची ताकद आत आणणारा दांडा) किंवा लेअरच्या (त्याच्या शेजारचा गिअरांचा दांडा) बेअरिंगमध्ये. कारण क्लच दाबला की ते फिरायचे थांबतात. उलट, पेडल दाबल्यावरच आवाज येत असेल तर गिअरबॉक्सला दोष देऊ नका, क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग बोलतंय. मग मोकळ्या रस्त्यावर निघा आणि एकेक गिअर टाकून कान द्या. या पद्धतीच्या पाच गिअरच्या बॉक्समध्ये चौथा बहुतेक वेळा डायरेक्ट असतो: इंजिनाची ताकद लेअरवरून न जाता सरळ मागे जाते. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्यात आवाज आहे आणि चौथ्यात तो गळून पडतो, तर लेअर किंवा तिच्यावरचे गिअर खराब. चौथ्यातही तसाच, आणि चालत्या गाडीत न्यूट्रल करून इंजिन मंद ठेवलं तरी तसाच, तर मागं बघा. जॉइंट शाफ्टचा (गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंत जाणारा दांडा) क्रॉस, त्याचं सेंटर बेअरिंग, नाहीतर मागच्या ॲक्सलमधलं डिफरन्शियल. सेंटर बेअरिंगचा आवाज गिअरबॉक्सच्या नावावर खपवून गिअरबॉक्स बदललेली गाडी मी पाहिलीय. मालकाला आठ दिवसांनी कळलं की आवाज अजून तिथंच आहे.

आता तुमचा मुख्य आजार, गिअर उडणं. तो नेमका केव्हा उडतो हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि सगळं त्याच्यावर आहे. उतारावर ॲक्सिलरेटर सोडल्यावर उडतो, की खड्ड्यात गाडी आदळली की उडतो? ॲक्सिलरेटर सोडताना उडत असेल तर आतलं काम आहे: स्लीव्हचे (गिअरला शाफ्टशी जोडणारी सरकती कडी) आणि गिअरचे अडकणारे दाते गोल झालेत, किंवा तिला सरकवणारा सिलेक्टर फोर्क झिजलाय, किंवा शाफ्टला पुढं-मागं खेळ आलाय. खड्ड्यात उडत असेल तर निम्म्या वेळा कारण बाहेर सापडतं. गिअरबॉक्सच्या खालचं फाउंडेशन रबर फाटलेलं असतं, नाहीतर लिव्हरपासून बॉक्सपर्यंत जाणाऱ्या रॉडचे बुश संपलेले असतात. आदळलं की बॉक्स हलतो, लिव्हर जागेवर राहतो, आणि रॉड गिअरला बाहेर ओढतो. हिंगोलीकडची एक गाडी माझ्याकडे "गिअरबॉक्स बदला" म्हणून आली होती. खाली शिरून टॉमीनं (पहारीनं) बॉक्स वर उचलला तर रबराचे दोन तुकडे वेगळे झाले. एवढंच. रबर आणि दोन बुश बदलून ती गाडी त्याच संध्याकाळी परत गेली. मालकाचा चेहरा पडला होता, कारण त्यानं गिअरबॉक्ससाठी बायकोचे पैसे आणले होते आणि आता ते परत द्यावे लागणार होते.

तिसरी तपासणी तेलाची. खालचा ड्रेन प्लग काढा, तेल स्वच्छ पांढऱ्या ताटात घ्या आणि उन्हात न्या. बारीक सोनेरी चमक म्हणजे सिंक्रोच्या (गिअर न खरडता पडावा म्हणून असलेल्या) पितळी रिंगांची झीज. थोडी असतेच, इतक्या जुन्या गाडीत तिच्यावरून घाबरू नका. प्लगच्या चुंबकाला काळी राखेसारखी पेस्ट चिकटलेली असेल तर तीही चालते. पण नखाएवढा चकचकीत कपचा, तुटलेल्या दाताचा कोपरा किंवा बेअरिंगच्या पिंजऱ्याचा पत्रा दिसला तर गाडी चालवू नका, टो करून आणा. तो कपचा दुसऱ्या दातात सापडला की हाउसिंग, म्हणजे बॉक्सचं बाहेरचं कवच, फुटतं, आणि दुरुस्त होणारा बॉक्स भंगारात जातो. तेल दुधासारखं पांढरट असेल तर पाणी शिरलंय. तुम्ही पाण्याच्या टाकीची ओव्हरफ्लोची नळी कुठं सोडलीय ते बघा. हसू नका, एका गाडीत ती बरोबर ब्रीदरच्या (गिअरबॉक्सची हवा सोडणारं भोक) डोक्यावर गळत होती.

समजा निघालं की दोष आतच आहे. तरी मी आधी तुमचाच बॉक्स उघडीन. त्याचं कारण साधं: तुमच्या गाडीला बिनचूक बसणारा एकच गिअरबॉक्स जगात खात्रीनं आहे, आणि तो तुमच्या गाडीखाली लटकतोय. हाउसिंग शाबूत असेल तर बेअरिंग, सिंक्रो रिंगा, एखादा गिअर, फोर्क आणि सील बदलून तो पुढची कित्येक वर्षं चालतो. बेअरिंगसाठी कंपनीच्या दुकानाची वाट बघत बसायचीही गरज नसते. बेअरिंगच्या कडेवर नंबर कोरलेला असतो. उदाहरणादाखल ६३०८ घ्या. शेवटच्या ०८ ला पाचानं गुणलं की आतलं भोक ४० मिलिमीटर. बाहेरचा व्यास ९०, जाडी २३. हा नंबर घेऊन लातूर, नांदेड, जालना, कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात जा, तेच माप मिळतं. एक काळजी घ्या. नंबराच्या शेवटी एन किंवा एनआर असेल तर बाहेरच्या कडेला लॉक रिंगची खाच आहे. ती नसलेलं बेअरिंग तसंच दाबून बसवलं तर बसतं, आणि मग शाफ्ट पुढं-मागं सरकायला मोकळा होतो. म्हणजे गिअर उडण्याचा आजार आपणच पैसे देऊन परत आणला.

दुरुस्ती कुठं परवडत नाही? हाउसिंगला तडा गेलाय, बेअरिंगची बैठक फिरून सैल झालीय, किंवा लेअरसकट तीनचार गिअर खराब आहेत. तिथं मात्र दुसरा बॉक्स शोधा. आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो.

ट्रॅव्हलरचा वंश समजून घेतला तर "एकच असतो" हे वाक्य कुठून येतं ते कळतं. जर्मनीत १९७७ ला आलेल्या मर्सिडीजच्या टी-वन व्हॅनवरून आपली ट्रॅव्हलर बेतली, आणि बजाज टेम्पोनं ती १९८७ मध्ये इथं आणली. २००५ मध्ये कंपनीचं नाव फोर्स मोटर्स झालं. म्हणून जुने दुकानदार अजून "टेम्पोचा माल" म्हणतात आणि नवे "फोर्सचा". सुट्या भागांत दोन्ही नावांनी विचारा. मर्सिडीजचंच २.४ लिटरचं ६१६ घराण्याचं डिझेल इंजिन ट्रॅक्समध्येही आलं, ट्रॅव्हलरमध्येही. इंजिन भाऊ-भाऊ म्हणून इंजिनाला चिकटणारी बाजू पुष्कळदा जुळते. मिस्त्री तेवढंच बघतो आणि "एकच" म्हणतो. पण गिअरबॉक्सला दोन टोकं असतात आणि मध्ये पोट असतं. मागची बाजू, लांबी, रेशो (मागच्या एका फेऱ्याला पुढचा शाफ्ट किती फेरे फिरतो ते), लिव्हरचं कनेक्शन हे गाडीगणिक आणि सालागणिक बदलतं. शिवाय पुढं ट्रॅव्हलरलाच वेगळी इंजिनंही आली. तुमच्या गाडीत कुठलं आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून "अमुक सालचा घ्या" असं मी इथं बसून सांगणार नाही. कुणी मॅटाडोरचा सुचवला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. मॅटाडोर पुढच्या चाकांवर ओढली जाणारी गाडी, तिचा बॉक्स आणि डिफरन्शियल एकत्र पुढंच. ट्रॅव्हलर मागच्या चाकांवर. त्यांचा आपसात संबंध नाही.

म्हणून नाव सोडा, माप धरा. बाजारात जाताना मी चार वस्तू पिशवीत टाकतो: तुमची जुनी क्लच प्लेट, दोन पुठ्ठे, व्हर्निअर (जाडी-व्यास मोजायचं हत्यार) आणि खडू.

क्लच प्लेट कशाला? समोरच्या बॉक्सच्या टॉप शाफ्टवर ती घालून बघायची. तिच्या आतल्या खाचा आणि शाफ्टचे दाते जुळले, आणि प्लेट स्वतःच्या वजनानं, न ठोकता, न डगमगता खाली सरकली, तर दात्यांची संख्या आणि व्यास दोन्ही एका सेकंदात पास. दाते मोजत बसलं की २१ चे २२ होतात, मी मोजलेत. मग शाफ्टचं टोक, जे फ्लायव्हीलमधल्या पायलट बेअरिंगमध्ये जातं, त्याचा व्यास व्हर्निअरनं घ्या. आणि हाउसिंगच्या तोंडावर सरळ पट्टी आडवी ठेवून शाफ्ट तिथून किती पुढं आलाय ती लांबी.

ही लांबी मी एकदा घेतली नव्हती. गॅरेज टाकून दोनच वर्षं झाली होती. संध्याकाळची वेळ, उद्या सकाळी गाडी वऱ्हाडाला जायची, मालक दारात उभा. बाहेरून आणलेला बॉक्स वर चढवला, शाफ्ट आत गेला, पण हाउसिंग आणि इंजिनाच्या मध्ये बोटभर फट राहिली. पोरगं म्हणालं, "उस्ताद, बोल्टानं ओढून घेऊ." मी ओढला. वरचा बोल्ट, खालचा बोल्ट, आळीपाळीनं, अर्धा-अर्धा फेरा. फट कमी होत होती आणि मला बरं वाटत होतं. मग टक् असा आवाज आला, काचेचा पेला तडकावा तसा, आणि हाउसिंगचा एक कान बोल्टासकट माझ्या छातीवर पडला. शाफ्ट काही मिलिमीटर लांब होता. क्रँकच्या तळाशी टेकला होता आणि मी त्याला जोर लावत होतो. कान तुटला ते एका अर्थानं नशीब. तुटला नसता तर क्रँक मागून दाबला जाऊन त्याचे थ्रस्ट वॉशर खल्लास झाले असते, म्हणजे इंजिनच उघडावं लागलं असतं. वऱ्हाड दुसऱ्याच्या गाडीनं गेलं, भाडं मी भरलं. तेव्हापासून नियम एकच: बॉक्स हातानं ढकलून हाउसिंगला टेकला पाहिजे, बोल्ट फक्त धरायला. तुमच्या मिस्त्रीकडं काम चालू असताना तुम्ही तिथं असाल तर एवढी एक गोष्ट डोळ्यात तेल घालून बघा.

आता पुठ्ठे. जुना बॉक्स उतरवला की त्याच्या तोंडावर जाड पुठ्ठा दाबून धरा आणि भोकांच्या कडेनं ग्रीसच्या बोटानं किंवा हातोडीच्या हलक्या टोल्यानं छाप घ्या. बोल्टांची भोकं, डॉवेल पिनांची जागा, स्टार्टरची खिडकी, सगळं उमटतं. तो पुठ्ठा दुसऱ्या बॉक्सवर ठेवला की फोटोबिटो लागत नाही. दुसरा पुठ्ठा मागच्या फ्लँजचा, जिथं जॉइंट शाफ्ट जोडला जातो. पुठ्ठ्यावर हाउसिंगच्या तोंडापासून फ्लँजपर्यंतची एकूण लांबी आणि फाउंडेशनच्या भोकांचं अंतर लिहून ठेवा. लांबी बदलली तर जॉइंट शाफ्ट कापून-जोडून घ्यावा लागतो आणि मग बॅलन्सिंग. लेथवाला "करून देतो" म्हणतो, पण बॅलन्सिंगचं मशीन त्याच्याकडे आहे का ते विचारा. नसेल तर ६० च्या पुढं तुमच्या ओट्यावरचे कप नाचतील.

लिव्हरचं कनेक्शन, स्पीडोमीटरच्या केबलची जागा, रिव्हर्स लाइटचा स्विच या छोट्या गोष्टी. त्या जमवता येतात, पण दोन दिवस खातात. म्हणून भंगारातून घेताना बॉक्स अख्खा घ्या: बेल हाउसिंग, क्लचचा फोर्क, मागचा फ्लँज, फाउंडेशनचा पाट, जमलं तर लिव्हरचे रॉडसुद्धा. विकणारा "ते वेगळं" म्हणतो. घासाघीस तिथं करा, बॉक्सच्या भावात करू नका.

हे सगळं जुळलं म्हणजे बॉक्स बसला. चालेल का, हा वेगळा प्रश्न, आणि घर केलेल्या गाडीत तोच मोठा. आतल्या गिअरांचे रेशो बाहेरून दिसत नाहीत. दिसायला जुळ्या बॉक्सांत ते वेगळे असू शकतात. पण मोजता येतात, खडूनं. बॉक्स जमिनीवर ठेवा, टॉप शाफ्टवर आणि मागच्या फ्लँजवर खडूची एकेक रेघ मारा. पहिला गिअर टाका. फ्लँज दहा फेरे फिरेपर्यंत पुढचा शाफ्ट किती फेरे फिरतो ते मोजा आणि दहानं भागा. प्रत्येक गिअरला तेच. डिफरन्शियलचा रेशोही असाच निघतो. मागचं एकच चाक उचला, दुसरं जमिनीवर राहू द्या, पुढच्या चाकांना दगड लावा, न्यूट्रल ठेवा. उचललेलं चाक पूर्ण दोन फेरे फिरवा. तेवढ्यात जॉइंट शाफ्ट जितके फेरे फिरला तो तुमचा रेशो. दोन फेरे यासाठी की एक चाक अडवलेलं असताना दुसरं दुप्पट फिरतं.

याचा उपयोग काय? हिशेब करून दाखवतो, आकडे समजुतीसाठी धरलेले. टायर २१५/७५ आर १५ असेल तर त्याचा घेर साधारण २.२१ मीटर. ताशी ६० म्हणजे मिनिटाला १,००० मीटर, म्हणजे चाकाचे सुमारे ४५० फेरे. मागचा रेशो ४ धरला तर जॉइंट शाफ्टचे १,८००. चौथा डायरेक्ट, म्हणून इंजिनही १,८०० वर. आता घाटात या, ताशी ४०. शाफ्टचे १,२०० फेरे. तुमच्या बॉक्सचा तिसरा १.६ असेल तर इंजिन १,९०० च्या वर राहतं. आणलेल्या बॉक्सचा तिसरा १.४ असेल तर १,७०० च्या खाली येतं. कागदावर फरक छोटा. पण पाठीवर संसार घेतलेल्या जुन्या डिझेलला चढावर तेवढ्यात दम लागतो. तिसऱ्यात ओढत नाही, दुसऱ्यात किंचाळते, आणि तुम्ही कन्नडच्या घाटात ट्रकच्या मागे त्या दोन गिअरांच्या मध्ये अडकता. मांजरसुंब्याच्या चढावरही तेच. म्हणून दोन बॉक्स समोर असतील आणि दोन्ही बसत असतील, तर तुमच्यासारख्याला मी खालचे गिअर ताकदीचे असलेला घ्यायला सांगीन, पाचवा कमी पळणारा असला तरी. तुम्हाला हैदराबाद तीन तासांत गाठायचं नाहीये.

वजनाचाही विचार करा, कारण तिसरा गिअर उगाच जात नाही. १०० लिटरची टाकी भरली की १०० किलो, त्यात घरातल्या दिव्यांची मोठी बॅटरी, प्लायवूडची कपाटं, गॅस. वऱ्हाडाची माणसं उतरतात. कपाटं कधीच उतरत नाहीत. निघताना टाकी पाव भरा, मुक्कामी भरून घ्या. नवा बॉक्सही त्यानं जास्त टिकेल.

खरेदी कुठं करायची? लातूर-परभणीत चांगला नग क्वचित मिळतो. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ला, आणि आपल्याला जवळ म्हणून सिकंदराबादचं राणीगंज. मी बहुतेक हैदराबादची वाट धरतो. पण खरं सांगू, सगळ्यात चांगला माल बाजारात नसतो. अपघातात समोरून किंवा मागून गेलेली, मधला भाग शाबूत असलेली ट्रॅव्हलर कुठं उभी आहे ते ट्रॅव्हल्सवाल्यांना विचारा. त्या गाडीचा इतिहास कळतो, किती किलोमीटर झाले ते कळतं, कधीकधी बॉक्स गाडीतच चालवून बघता येतो. बाजारातला बॉक्स मुका असतो.

आणि रंगवलेला असेल तर जास्तच मुका. तुम्हाला आलेल्या फोटोतला चांदीचा रंग बघून मला एक जुना व्यवहार आठवला. असाच चकचकीत बॉक्स, हातानं फिरवला तर लोण्यासारखा. आवाज नाही, खडखड नाही. आणून बसवला, ३०० किलोमीटर शांत चालला, मग रडायला लागला. उघडला तर आत घट्ट काळं ग्रीस आणि त्यात लाकडाचा भुसा. ही जुनी युक्ती आहे: भुसा दातांच्या मधली फट भरतो, आवाज गिळतो, आणि पाचपंचवीस मैलांत पिठासारखा होऊन बेअरिंगमध्ये बसतो. तेव्हापासून मी वरचं किंवा बाजूचं झाकण उघडल्याशिवाय पैसे काढत नाही. "सील तुटेल" म्हणून नको म्हणणाऱ्याचा रामराम घ्यावा. झाकण उघडलं की टॉर्चनं दाते बघा: टोकं धारदार हवीत. अडकणाऱ्या छोट्या दात्यांची टोकं घराच्या छपरासारखी दुबाजू असतात. ती गोल झाली असतील तर तो गिअर उद्या उडणार. प्रत्येक गिअर टाकून फिरवा. मागचा फ्लँज दोन्ही हातांनी वर-खाली हलवा. खट् असं जाणवलं तर मागचं बेअरिंग गेलंय. हाउसिंगवर वेल्डिंगची शिवण शोधा, विशेषतः कानांपाशी. बोटाला तेल लावून हुंगा, जळका वास वेगळा येतो.

बिल घ्या. ज्या गाडीचा बॉक्स आहे तिच्या आरसीची झेरॉक्स मिळाली तर उत्तम. चोरीच्या गाड्या तुकड्यातुकड्यांनीच विकल्या जातात. आरसीवर इंजिन नंबर आणि चेसिस नंबर असतो, गिअरबॉक्सचा नसतो, त्यामुळे तसाच बॉक्स बदलला म्हणून आरटीओत नोंद करावी लागत नाही. मात्र मिस्त्रीनं "इंजिनासकटच टाकू" म्हटलं तर ती नोंद लागते, तेव्हा विचारून पुढं जा. आणखी एक. तुमच्या गाडीची १५ वर्षं २०२२ मध्येच झाली. पुनर्नोंदणी आणि पर्यावरण कर झालेला असेल, आत केलेला बदल कागदावर घेतलेला असेल, तरच गिअरबॉक्सवर मोठा खर्च करा. कागद अर्धवट असतील तर आधी ते.

बसवतानाचं थोडं. बॉक्स खाली आला की क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग आणि क्रँकचं मागचं ऑइल सील बघून घ्या. झिजलं असेल ते तेव्हाच बदला. मजुरी एकदाच पडते. तुमच्या गाडीत पाण्याची टाकी गिअरबॉक्सच्या पाटाच्या आड येते का ते आधी बघा. येत असेल तर टाकी रिकामी करून उतरवा, तिला टांगून काम करू देऊ नका. गॅस सिलिंडर गॅरेजच्या बाहेर, दोन्ही बॅटऱ्यांच्या निगेटिव्ह वायरी सोडलेल्या, गाडी विटांवर नाही तर लोखंडी घोड्यांवर. तेल पुस्तकात लिहिलंय तेच. "घट्ट टाका, आवाज जाईल" म्हणत डिफरन्शियलचं जीएल-५ तेल सगळ्यात ओतणारे मिस्त्री आहेत. त्यातली काही रसायनं पितळेला मानवत नाहीत, शिवाय सिंक्रो रिंगेला पकड हवी असते आणि ते तेल जास्तच निसरडं. थंडीत सकाळी दुसरा गिअर पडत नाही, मग परत गिअरबॉक्सला शिव्या. पहिल्या १,००० किलोमीटरला हे तेल काढून ताटात घ्या आणि पुन्हा उन्हात न्या, सुरुवातीला केलं तसंच.

ट्रॅक्सचा बसेल की नाही, हे मी अजूनही सांगितलेलं नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. तुमच्या मिस्त्रीचं कदाचित बरोबरही असेल. त्याला म्हणा, बसव, पण आधी पुठ्ठा लावून दाखव, शाफ्टची लांबी दाखव, आणि खडूनं तिसरा गिअर मोजून दाखव. चांगला माणूस असेल तर रागावणार नाही. आणि मला उत्तर लिहाल तेव्हा इंजिनावरच्या पट्टीवरची अक्षरं, ताटातल्या तेलात काय दिसलं ते, आणि गिअर खड्ड्यात उडतो की ॲक्सिलरेटर सोडल्यावर, एवढं लिहा. चौथ्या गिअरमध्ये आवाज जातो का, ते पहिल्या ओळीत.